उदाहरण क्रमांक चार

७ फेब्रुवारी

ताई,

आधी चहा ठेव, मग वाच. पत्र मोठं होणार आहे.

आपला दादा रांगेत उभा राहिला! बँकेत, गेल्या सोमवारी. त्याच्या खात्यावरची सही नव्याने द्यायची होती आणि त्यासाठी त्याने स्वतः जाणं भाग होतं. मी मॅनेजरबाईंना आधी फोन करून विचारलं होतं, थेट आत घ्याल का म्हणून. "अवश्य या" म्हणाल्या आणि नेमक्या त्या दिवशी रजेवर गेल्या. मग काय करणार, उभे राहिलो. पुढे अकरा माणसं. दादाने भिंतीकडे तोंड केलं, खिशातून चष्मे पुसायचं फडकं काढलं आणि त्याच्या कडेचे टाके मोजत बसला. मी घड्याळ बघत होते. दहा मिनिटं. वीस. पस्तीस मिनिटं, ताई! ओरडला नाही, खाली बसला नाही. नंबर आल्यावर सही केली, ते त्याचं रेघेला चिकटलेलं अक्षर. मागचे गृहस्थ मला म्हणाले, "किती शांत आहेत हो तुमचे भाऊ." सत्तेचाळीस वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा कानावर पडलं. हसावं की रडावं कळेना.

आता पुढचं. घरी आल्यावर त्याने बूट काढले नाहीत. दोन दिवस काढले नाहीत. जेवणाला हात लावला नाही. डावं मनगट चावून चावून सुजवलं, आणि मी आंघोळीचं नाव काढलं की डोकं दारावर आपटायचा. मी चष्म्याच्या दुकानात मालकांना फोन करून त्याचं पोट बिघडल्याचं सांगितलं. तिसऱ्या दिवशी आपणहून उठला, माझ्याबरोबर दुकानात आला आणि काही झालंच नाही अशा थाटात फ्रेमा आकाराप्रमाणे लावायला बसला. मी काचा घासायच्या मशीनवर बसून त्याची पाठ बघत होते.

हे फक्त तुला सांगते. चांगल्या दिवशी तो रांगेत उभा राहू शकतो हे मी कुणाला सांगत नाही. नाहीतर म्हणतील, याला काही झालेलंच नाही, सगळी नाटकं आहेत. तूही कुठे बोलू नकोस.

एप्रिलची वाट बघतोय. तू तुमच्या मनोरंजन पार्कमध्ये रांग न झेपणाऱ्यांसाठी ती सोय सुरू केल्यापासून दादाचा वाढदिवस म्हणजे आमचा खरा सण झालाय. मनगटाला पासाचा पट्टा, रांगेऐवजी शांत खोलीत बसायचं, आणि दिलेल्या वेळेला बाजूच्या दाराने थेट होडीत. डावीकडची पहिली बैठक. भुयारातल्या त्या चार मिनिटांनंतर तो जसा हसतो तसा वर्षभर कधीच हसत नाही. नोकरीच्या मुलाखतीत तू त्याच्याबद्दल बोललीस म्हणून ते काम तुला मिळालं, असं तू म्हणाली होतीस ना? मी दुकानात सगळ्यांना सांगते.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. फोनमधून तुझा आवाज आला की तो अजूनही तुला घरभर शोधतो, कपाटंसुद्धा उघडून बघतो. पत्रच बरं.

तुझी,
छोटी


११ मार्च

ताई,

यंदा नवीनच प्रकार. पट्ट्यासाठी म्हणे आता व्हिडिओवर मुलाखत द्यावी लागते. तुला माहीत असणारच, पण तू पत्रात काही लिहिलं नाहीस. काही धडधाकट माणसं खोटं बोलून पट्टे मिळवतात, म्हणून कडक केलंय, असं पडद्यावरच्या बाईंनी सांगितलं. ते मला पटलं. आम्ही दोघं दुकानाच्या मागच्या खोलीत बसलो होतो, दादाला नवा शर्ट घातला होता.

बाईंनी विचारलं, "कॅमेऱ्याकडे बघाल का?" दादा छताकडे बघत म्हणाला, "बोट चालू आहे का?" बाई म्हणाल्या, "अरे वा, छान बोलतात की!" आणि काहीतरी लिहून घेतलं. छान बोलणं हा आपल्या घरात गुन्हा कधीपासून झाला, ताई?

मग मला विचारलं, "हे कधी रांगेत उभे राहिलेत का? समजा, बँकेत वगैरे?"

मी नाही म्हणाले. धडधडीत खोटं बोलले. बोलताना कान तापले. पण खरं सांगायचं तर ते दोन दिवसही सांगावे लागले असते, आणि ते ऐकायला त्यांच्याकडे वेळ नव्हता. सगळं मिळून नऊ मिनिटं. त्या "बरं" म्हणाल्या, पण चेहऱ्यावर असा भाव की यांचं उत्तर आम्हाला ठाऊकच होतं.

काल निरोप आला. "सोय लागू नाही."

ताई, मी तुला कधी काही मागितलं नाही. तू एक शब्द टाकशील का? ओळखीने दे असं म्हणत नाही. फक्त त्याची केस पुन्हा बघायला सांग. तू त्याला ओळखतेस.

तुझी,
छोटी


३ एप्रिल

ताई,

तुझं पत्र मिळालं. छापील होतं. "नियम सर्वांना सारखे आहेत. शक्यतो मंगळवारी यावे, गर्दी कमी असते." खाली तुझी सही आणि हुद्दा. मी पान उलटून बघितलं, मागे काही आहे का.

तुझीही अडचण असेल. ऑफिसच्या कागदावर बहिणीला काय लिहिणार? पण दादा टपालवाल्याच्या मागे मागे आत आला आणि "ताईचं पत्र" म्हणून पलंगावर बसला. त्याला काय वाचून दाखवू? मग मनाने घातलं. ताईला तुझी आठवण येते, ताईने तुला पापा दिलाय, ताई म्हणते बोट चालू आहे. त्याने दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्या वेळी मी एक शब्द बदलला तर चूक काढली.

एकोणीस तारखेला, त्याच्या वाढदिवशी, मंगळवारच आहे. येतोय आम्ही, पट्ट्याशिवाय. तू दारात नुसती उभी राहिलीस तरी मला धीर येईल.

छोटी


२१ एप्रिल

हे पत्र मी दोनदा सुरू केलं आणि दोनदा टाकलं.

मंगळवारी गर्दी होती. तीन शाळांच्या सहली आल्या होत्या. मी दादाला घेऊन मदत कक्षात आले. तुझ्या खोलीला कुलूप. कळलं की तू दोन दिवस बाहेरगावी, बैठकीला. बैठक असेलच, मी नाही म्हणत नाही.

काउंटरवर पन्नाशी उलटलेले एक गृहस्थ होते. कागद हातभर लांब धरून वाचत होते. मी सवयीने बोलून गेले, "जवळचा नंबर वाढलाय तुमचा." ते हसले. "वाढलाच असणार. बोला, काय मदत करू?" मी सगळं सांगितलं. दादा माझ्या खांद्यामागून दर मिनिटाला "बोट चालू आहे का" विचारत होता आणि ते प्रत्येक वेळी मान वर करून "चालू आहे हो साहेब" म्हणत होते. माणूस भला होता. तो भला होता म्हणूनच हे सगळं मला कळलं.

"मला वाईट वाटतं, बाई," ते म्हणाले. "पण आम्हाला जसं शिकवलंय तसंच करावं लागतं." त्यांनी खणातून एक पातळ पुस्तिका काढली. "यात उदाहरणं दिलीत, कुणाला नाही म्हणायचं त्याची. तुमचं साधारण चौथ्यासारखं दिसतंय. तुम्हीच वाचा, मला हा बारीक टाइप लागत नाही."

मी मोठ्याने वाचायला लागले. आता पाठ झालंय, म्हणून तसंच लिहिते.

"उदाहरण क्रमांक चार. पुरुष, वय सत्तेचाळीस. बँकेत पस्तीस मिनिटे रांगेत उभा राहिला. ओरडला नाही, खाली बसला नाही. बहिणीचे शब्द: 'चांगल्या दिवशी तो रांगेत उभा राहू शकतो हे मी कुणाला सांगत नाही.' निष्कर्ष: कुटुंबीय क्षमता लपवतात. सोय लागू नाही."

माझा आवाज मध्येच बंद पडला. त्या गृहस्थांना वाटलं, मलाही अक्षर दिसत नाही. म्हणाले, "भिंग आणू का?"

"हे कुणी लिहिलंय?"

"आमच्या बाईंनीच. त्यांच्या पाहण्यातलं आहे म्हणे. त्यांच्या स्वतःच्या घरात असा भाऊ आहे ना, त्यामुळे त्यांना सगळ्या युक्त्या माहीत आहेत."

युक्त्या.

मी पान उलटलं, कारण मला वाटलं पुढे बूट असतील. मनगट असेल. दार असेल. पुढे उदाहरण क्रमांक पाच होतं.

मी त्याच पावली परत फिरायला हवं होतं. पण त्याला पाण्याचा आवाज आला होता, आणि तो आवाज आल्यावर त्याला मागे वळवणं तुला तरी जमलं असतं का? पाटीवर पंचावन्न मिनिटं लिहिली होती. आम्ही उभे राहिलो. फडकं काढलं, टाके मोजले. चाळीस मिनिटं निघाली. तो प्रयत्न करत होता, ताई. ओठ पांढरे पडले होते, पण प्रयत्न करत होता. मग डोक्यावरचा भोंगा वाजला, कुणाची तरी हरवलेली पिशवी सापडल्याची घोषणा. आणि मागची मुलं एकदम किंचाळली.

तो खाली बसला. मग आडवा झाला. मी त्याचं डोकं धरायला वाकले तर त्याचं कोपर लागून माझा चष्मा उडाला, म्हणून पुढचं मी धुरकट बघितलं. ते बरंच झालं. मोबाइल वर धरलेले हात तेवढे दिसत होते. कुणी तरी म्हणालं, "एवढा बाप्या माणूस आणि हे काय!" रखवालदार म्हणाला, "बाई, यांना रांगेतून बाहेर घ्या, लोकांना त्रास होतोय." आमच्या पुढे आठ जण उरले होते.

त्याच्या कपड्यांचं काय झालं आणि आम्ही दारापर्यंत कसे आलो, ते लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या आवृत्तीत छापून यायचं.


९ मे

ताई,

तुझं पत्र आलं. या वेळी हाताने लिहिलेलं, चार पानी. पुन्हा पुन्हा वाचलं. तू म्हणतेस, "त्यात तुझं नाव कुठे आहे? त्याचं नाव कुठे आहे?"

नाव नाही, हे खरं. पण ते वाक्य माझं आहे. अशी वाक्यं मी जगात एकाच माणसाला लिहिते.

तू म्हणतेस, वरचे लोक सोय पूर्णच बंद करायला निघाले होते. निम्मे अर्ज नाकारून दाखव, नाहीतर कक्षाला कुलूप लावू, म्हणाले. पट्टे वाटून बाकीच्यांची रांग दुप्पट झाली होती. तुला काहीतरी दाखवावं लागलं. मी यावर विश्वास ठेवते. तू रडत लिहिलंयस हेही कागदावरून कळतं. पण मला एक सांग, दाखवायचंच होतं तर सगळं का नाही दाखवलंस? पस्तीस मिनिटं एका ओळीत आणि दोन दिवस दुसऱ्या ओळीत, एवढीच तर जागा लागत होती. तू पहिली ओळ घेतलीस आणि दुसरी सोडलीस. हे घाईत होत नाही. त्यासाठी पत्र समोर ठेवून, पेन्सिल घेऊन बसावं लागतं.

आणि आता मला कळलं की त्या पडद्यावरच्या बाईंना बँकच कशी आठवली. मी खोटं बोलत होते तेव्हा माझं खरं त्यांच्या टेबलावर उघडं पडलेलं होतं. महिनाभर मला स्वतःची लाज वाटत होती, खोटं बोलले म्हणून. ती लाज मी आता तुझ्याकडे पाठवते. ठेव तुझ्याजवळ.

दादा वीस दिवस दुकानात आला नाही. मालक समजूतदार आहेत, पण त्यांनी फ्रेमांच्या कामाला दुसरी बाई ठेवली आहे, "तात्पुरती". ती निळ्या पेटीत लाल ठेवते. तो परत येईल त्या दिवशी मी आधी जाऊन सगळ्या पेट्या पुन्हा लावणार आहे.

त्याला तुझं पत्र वाचून दाखवायचा प्रयत्न केला. मनाने घालायला काही सुचलं नाही. "आज पत्र छोटं आहे" म्हणाले. त्याने चार पानं मोजून दाखवली.

छोटी


२ जून

ताई,

तुझं रजिस्टर पाकीट मिळालं. आतला कागदही. "सदर मजकूर वापरण्यास माझी पूर्वसंमती होती." खाली माझ्या सहीला जागा, आणि तारीख तू आधीच टाकलेली, दहा फेब्रुवारी. अक्षर तुझं आहे. दहातलं शून्य तू नेहमी असंच सुंदर काढतेस.

बरोबरची चिठ्ठी वाचली. काही पालकांनी तक्रार केली आहे, उदाहरणं आली कुठून असं वरचे लोक विचारताहेत, मी सही केली नाही तर तुझी नोकरी जाईल. "आपल्या घरातली गोष्ट घरातच राहू दे, छोटी."

हे तू लिहितेस.

दोन दिवस तो कागद मी देव्हाऱ्यात ठेवावा तसा फळीवर ठेवला होता. पेनही शेजारी. खरंच सांगते, मी सही करणार होते. तू शिकवणीला चालत जायचीस, मी आणि दादा तुझे दोन्ही हात धरून रस्ता ओलांडायचो, ते सगळं आठवून करणार होते.

मग परवा दुपारी दुकानात फोन आला. एक बाई. बस चालवतात, जुळ्या मुलींची आई आहेत, मुली नऊ वर्षांच्या. त्यांनी माझा पत्ता कसा काढला ते सांगितलं नाही. पहिलंच वाक्य, "त्या बँकेतल्या बहीण तुम्हीच का?"

मी हो म्हटलं.

"तुमचं उदाहरण वाचून दाखवून माझ्या पोरींना नाही म्हणाले. एकदा दवाखान्यात रांगेत गप्प बसल्या होत्या असं मी प्रामाणिकपणे सांगितलं, तर म्हणे, तुम्ही पण लपवताय. कशाला सांगितलंत हो तुम्ही असलं? भावाचं कौतुक मिरवायला?"

मशीन चालू होतं, काच तशीच घासत राहिली आणि वाया गेली. मी म्हटलं, "मी फक्त माझ्या बहिणीला सांगितलं होतं." मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "अगं बाई."

तोवर मला वाटत होतं की तू आमचा दोघांचा घात केलास. तू माझ्या शब्दांनी त्या दोन मुलींना दारातून परत पाठवलंस, ताई. आणखी कुणाकुणाला पाठवलंस मला माहीत नाही. माझा हात धरून त्यांच्या तोंडावर दार लावलंस.

मी सही करणार नाही. आणि तुला न सांगता काही करायचं नाही म्हणून आधीच कळवते. तुझ्या वरच्या लोकांना द्यायला मी त्या बाईंना सगळं लिहून दिलंय. बँक, बूट, मनगट, दार, होडीची रांग, माझं ते खोटं उत्तरसुद्धा. खाली माझं नाव आणि दुकानाचा पत्ता. दादाला विचारलं, "तुझ्याबद्दल लोकांना सांगू का?" तो म्हणाला, "सगळं सांग." त्याला किती समजलं देव जाणे. पण तू तर तेवढंही विचारलं नव्हतंस.

माझी पत्रं परत पाठव. सगळी.

छोटी


३० जुलै

ताई,

पुस्तिका मागे घेतल्याचं जुळ्यांच्या आईकडून कळलं. नाकारलेले अर्ज पुन्हा बघणार आहेत, आणि आता घरच्या माणसांना नंतरचं काय होतं हेही विचारणार आहेत. मुलींना पट्टा मिळाला. तुला वाहनतळाच्या ऑफिसात बसवलंय, तेही कळलं. नोकरी गेली नाही याचं मला बरं वाटलं. यावर विश्वास ठेव किंवा ठेवू नकोस.

तू लिहिलंयस, "स्वतःच्या बहिणीनेच केसाने गळा कापला." हे वाक्य वाचून मी खुर्चीत बसले. मला वाटलं, चुकून माझंच जुनं पत्र परत आलं. तुला राग येणारच. तू पंधरा वर्षं खपून ती जागा मिळवलीस, दादाच्या निमित्ताने का होईना, शंभर घरांना त्या दारातून आत घेतलंस, तेही मी विसरले नाही. माझ्या मनात दोन्ही एकाच वेळी आहे आणि कुठलंच दुसऱ्याला बाहेर काढत नाही.

दादालाही पट्टा आला, टपालाने, न मागता. त्याने हातात घेतला, आतून बाहेरून बघितला, आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवला. म्हणाला, "बोट नको." मी आठवडाभर थांबून पुन्हा विचारलं. "बोट नको." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कानांवर हात ठेवून खोलीत गेला. यापुढे मी विचारणार नाही.

दुकानात मात्र तो येतो. नवी बाई त्याला आता विचारून पेट्या लावते.

पत्रं तू परत पाठवली नाहीस. "ती माझी आहेत" असं लिहिलंस. असू देत. पण तू विचारलंयस की मी तुला लिहिणं बंद करणार का. नाही करणार, कारण तो टपालवाल्याची वाट बघतो आणि तुझ्या पत्राला उत्तर गेलं नाही तर तुझं येणार नाही, हे त्याला कळतं. महिन्याला एक पत्र येईल. फक्त त्यात आता तेच असेल, जे तुमच्या ऑफिसच्या भिंतीवर लावलं तरी चालेल.

बहीण


१२ सप्टेंबर

ताई,

दादाची तब्येत ठीक आहे. माझीही ठीक आहे. दुकानातला पंखा दुरुस्त करून घेतला. मालकांच्या मुलीचं लग्न ठरलं.

काल दादाने दुकानात एक गोष्ट केली. गिऱ्हाइकं हातातलं काम सोडून बघत राहिली आणि मालकांनी चष्मा काढून डोळे पुसले. मी संध्याकाळी घरी आले, पायातल्या चपलांसकट तुला लिहायला बसले. दोन पानं भरली. मग ती चुलीत घातली आणि हा कागद घेतला.

इकडे सगळं व्यवस्थित आहे. एवढंच कळावं.

बहीण